सिंगापूर सोडा, पण दुसरी केबिन घ्या

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मिस्टर अंबडच्या कंपनीतून ३१ जानेवारीला निवृत्त होत आहेत. मुलगा २८ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. मुलगी २५ वर्षांची, बंगळुरूला. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी करायचं आहे, त्याआधी चौघांनी एकदा क्रूझवर जावं असं ठरतंय. मुलं म्हणतात सिंगापूरहून चार रात्रींची करू. विमान, व्हिसा, हॉटेल धरून ३ लाख ९० हजार सांगितलेत. मुंबई-गोवा-मुंबई तीन रात्रींचे दोन केबिन घेतले तर सगळे कर धरून १ लाख ३२ हजार, आणि चौघं एकाच केबिनमध्ये राहिलो तर ९६ हजार. म्हणजे ३६ हजार वाचतात. मिस्टरांचा हट्ट आहे की फंडाच्या पैशातून सगळा खर्च तेच करणार, मुलांकडून एक रुपया घ्यायचा नाही. मुलगा म्हणतो नो कॉस्ट ईएमआय करू. माझी पोस्टातली आरडी डिसेंबरात सुटते, १ लाख ३९ हजार येतील. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ४८ लाख येतील, त्यातले १२ लाख लग्नाला बाजूला काढले आहेत. पेन्शन ६ हजार, सिडकोतल्या गाळ्याचं भाडं ११ हजार, घरखर्च ४२ हजार. कर्ज नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आकडे इतके नीट लिहून पाठवणारे फार कमी असतात, त्यामुळे उत्तरही आडवळणाने देत नाही. गोव्याला जा, दोन केबिन घ्या, आणि फंडाला हात लावू नका.

आधी त्या ३६ हजारांचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलेला दिसतो. जहाजाचं भाडं एका केबिनमध्ये दोन माणसं धरून लावतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाला बराच कमी दर पडतो, म्हणून चौघांचं एकत्र गणित स्वस्त दिसतं. ही सोय आहे लहान मुलं असलेल्या घरांसाठी. दोन पलंग खाली आणि दोन वरच्या बाजूला घडी घातलेले, रात्री खाली ओढायचे, शिडीने चढायचे. आठ वर्षांच्या पोराला ती शिडी म्हणजे सहलीतली सगळ्यात मोठी मजा. तुमचा मुलगा २८ वर्षांचा आहे. आतल्या बाजूच्या केबिनला खिडकी नसते, न्हाणीघर एकच आणि तेही आपल्या देवघराएवढं, चार बॅगा कुठे ठेवायच्या हा रोजचा प्रश्न. त्यात घोरणारा एक जण असतोच. ३६ हजार म्हणजे रात्रीला १२ हजार, माणशी ३ हजार. दोन वेगवेगळ्या शहरांतली दोन मोठी झालेली मुलं किती वर्षांनी तीन दिवस तुमच्याबरोबर सलग असणार आहेत ते तुम्हालाच ठाऊक. सकाळी आंघोळीच्या नंबरावरून ते दिवस नासवायला माझी तरी तयारी नसती.

कोण कोणाबरोबर राहणार हे तुमचं तुम्ही ठरवा. भाऊ-बहीण एका खोलीत, किंवा मायलेकी एकीकडे आणि बाप-लेक दुसरीकडे. बुकिंग करताना पलंग वेगळे मागून घ्या म्हणजे झालं. केबिन मात्र शेजारी-शेजारी मागा.

आता सिंगापूर. हौसेचं मोल करायला मी बसलो नाही, पण तुमच्या घराचं निवृत्तीनंतरचं गणित पाहा. ४८ लाखांतून लग्नाचे १२ गेले, राहिले ३६. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, तेवढीच तिची कमाल मर्यादा आहे. सध्याच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील, म्हणजे महिन्याला २०,५००. पेन्शनचे ६ आणि गाळ्याचे ११ हजार मिळवले तर ३७,५००. खर्च ४२ हजार. दरमहा साडेचार हजारांची तूट आहे, आणि ती महागाई न धरता.

उरलेल्या ६ लाखांतले अडीच लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, आजारपण-अडचणीला बँकेत हाताशी हवेत. राहिले साडेतीन. वर्षाला ५४ हजारांची तूट याच साडेतीन लाखांनी सहा-साडेसहा वर्षं भरून काढायची आहे. सिंगापूरची सहल ३ लाख ९० हजारांची. म्हणजे ही सगळी गंगाजळी चार रात्रींत संपून वर ४० हजार आजारपणाच्या पैशातून घ्यावे लागतील. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. तो आयकरात वळता होतो हे खरं, पण विवरणपत्र भरेपर्यंत पैसे अडकतात. मुलांना ओरडू नका, त्यांना हा हिशेब कुणी दाखवलाच नसेल. 'बाबांना फंड मिळणार' एवढंच घरात बोललं जातं आणि ४८ लाख ऐकायला फार मोठे वाटतात. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर हा कागद त्यांच्यासमोर धरा. माझ्या मते क्रूझपेक्षाही ते जास्त गरजेचं आहे.

मिस्टरांच्या हट्टाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण असे हट्ट मी कॉलेज रोडच्या ऑफिसात दर मार्चला ऐकतो. तीस-पस्तीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला वाटतं, मुलांना कधी कुठे नेलं नाही, आता एकदा नेतो, स्वतःच्या पैशाने. यात चुकीचं काही नाही. फक्त जे पैसे पगारासारखे पुरवायचे आहेत ते इनामासारखे वाटले जातायत. त्यांना हे मी सांगितलेलं पटणार नाही, तुम्ही सांगितलेलं तर त्याहून नाही. म्हणून थेट 'नको' म्हणू नका, त्यांना दुसरी जागा द्या.

माझी वाटणी अशी. तुम्हा दोघांची केबिन ६६ हजारांची, ती तुमच्या आरडीतून. मुलांची केबिन मुलांनी घ्यायची, प्रत्येकी ३३ हजार. दोघं कमावती आहेत, त्यांना हे जड नाही, आणि खोलीचा हिशेब खोलीत मिटला की 'कोणी किती दिले' हा विषय जेवणाच्या टेबलावर येत नाही. मिस्टरांनी शेवटच्या पगारातून तुमची केबिन खिडकीची करून घ्यावी. एजंटाने दोघांमागे किती फरक सांगितला ते पत्रात नाही, पण तो शेवटच्या पगारात मावतो का ते विचारून घ्या. शेवटच्या पगारातून बायकोसाठी समुद्राची खिडकी. एवढं मानाचं काम दिल्यावर फंडाचा विषय आपोआप मागे पडेल असं मला वाटतं.

आरडीचे ७३ हजार उरतात. जहाजावरच्या वरखर्चाला २५ हजार, नाशिक-मुंबई येणं-जाणं आणि एक रात्र मुंबईत यासाठी १२ हजार धरा. शेवटी हातात ३६ हजार राहतात. गंमत बघा, चौघांना एका खोलीत कोंबून वाचवणार होतात तेवढेच.

ईएमआयचं दोन वाक्यांत. नो कॉस्ट म्हणजे व्याज सूट म्हणून आधी वजा केलेलं असतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्यालाच भरावी लागते. ३३ हजारांसाठी ते करूच नका.

वरखर्चाचे २५ हजार मी उगाच धरलेले नाहीत. जहाजावर रोख चालत नाही, चढताना एक कार्ड देतात आणि त्यावर खर्च चढत जातो. नेहमीचं जेवण भाड्यात येतं, शाकाहारी-जैनही मिळतं. मद्य, काही खास रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, गोव्यातली त्यांची सहल हे सगळं वेगळं. मुलांच्या कार्डावर मुलांचा खर्च, हे आधीच बोलून घ्या. आणि किनारा सुटला की चौघांचे मोबाईल एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोनने पकडलं तर रोमिंगचं बिल बघून उतरताना तोंड कडू होईल. कोटेशनमध्ये पोर्ट चार्जेस आणि जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, धरली आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्या. 'सगळे कर धरून' या शब्दांत ग्रॅच्युइटी येतेच असं नाही.

पैसे भरायचे ते कार्डाने, आणि आधी फक्त बुकिंगपुरते. जहाजाचा धंदा आपल्याकडे अजून कच्चा आहे. मुंबईहून २०१९ मध्ये थाटात सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२० मध्ये बंदच पडली. कार्डाने भरलेले पैसे परत मागायला बँकेकडे निदान एक दरवाजा असतो. रद्द केल्यावर किती कापतात ते तारखेवर अवलंबून असतं, जितकी तारीख जवळ तितकी कात्री मोठी. म्हणून मुलीची रजा मंजूर झाल्यावरच बुक करा. तारीख फेब्रुवारीतली घ्या, शनिवार-रविवार टाळून. फेब्रुवारीत समुद्रही शांत असतो.

लक्षद्वीपचं मुलीने सुचवलं आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंत, सोबत तुमच्या गुडघ्यांचंही. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. तुमच्यासाठी ते नकोच. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्यालाच लागतं, उतरायला त्रास नाही. केबिन लिफ्टजवळची आणि मधल्या भागातली मागा, तिथे हेलकावेही कमी जाणवतात. जहाजाकडून फार चकचकाटाची अपेक्षाही ठेवू नका. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज १९९० मध्ये बांधलेलं आहे, मुलं मोबाईलवर दाखवतात ती वीस मजली नवी जहाजं वेगळी.

मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. पंचवटी वेळेवर आली तर सीएसएमटीहून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे हे मलाही माहीत आहे, पण गाडी कसाऱ्याला अडकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, आणि चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.

आणि पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंत की मिस्टर मूळचे मालवणचे, लहानपणी आईबरोबर आगबोटीने मुंबईला आले होते. हे मुलांना माहीत आहे का? ती खिडकीची केबिन बुक करताना डाव्या बाजूची मागा. गोव्याकडे जाताना कोकण डाव्या हाताला असतं. जहाज खोल पाण्यातून जातं, त्यामुळे मालवण काही दिसणार नाही. रात्री मच्छीमारांचे दिवे मात्र दिसतील.