संदर्भ सापडत नाहीत, म्हणजे माझी कुवत नाही का?

परिचर्या शाखेतील पदव्युत्तर विद्यार्थिनी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सुरुवातीची तक्रार बहुधा झोपेची किंवा चिडचिडीची असते. थोडे बोलणे झाले की मूळ दुखणे बाहेर येते, आणि ते प्रबंधाचे असते. संदर्भ सापडत नाहीत, मार्गदर्शक प्रत्येक वेळी परत पाठवतात, तेव्हा हे आपल्याला जमणारे नाही, ही त्यातली सर्वांत नेहमीची काळजी. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका सिस्टरची हकिगत, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून, येथे सांगते.

अकरा वर्षे वॉर्डात काम केल्यानंतर ती एम.एस्सी.ला आली होती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच असल्याने ‘विद्यापीठाच्या गावात राहून तुला जमत नाही?’ असा टोमणाही तिला घरी ऐकावा लागत होता. तिने लॅपटॉप उघडून दाखवला. एका फोल्डरमध्ये त्रेचाळीस लेख उतरवून ठेवलेले होते आणि त्यांतला एकही तिने शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. “आडातच नाही, मॅडम, तर पोहऱ्यात कुठून येणार? बारावीपर्यंत मराठी माध्यम माझं,” ती म्हणाली.

अशा वेळी ‘तुम्ही हुशार आहात’ असे सांगून काही साधत नाही, कारण समोरच्या माणसाजवळ आपण हुशार नसल्याचे त्रेचाळीस पुरावे असतात. तिने शोधताना नेमके काय टाइप केले होते, एवढेच मी विचारले. ‘सलाईन लावलेल्या रुग्णाची परिचर्या’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द तिने गूगलमध्ये घातले होते, आणि आलेल्या ढिगातून जे मोफत उघडले ते साठवले होते. एवढ्या मोकळ्या प्रश्नाला ढीगच मिळणार.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे नर्सिंग शिकवले आहे. ती जुनी सवय अशा वेळी उपयोगी पडते. मी विचारले, “वॉर्डात अशी कोणती गोष्ट तुम्ही रोज करता, जी का करता ते तुम्हालाच पटलेलं नाही?” तिने क्षणभरही विचार केला नाही. डावा हात पालथा करून मनगटाच्या वरच्या शिरेवर बोट ठेवले. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत सुईने बसवलेली बारीक नळी, तिसऱ्या दिवशी बदलायचीच, असा तिच्या वॉर्डाचा नियम होता. एका आजींच्या शिरा इतक्या बारीक होत्या, की नवी सुई बसवताना तीनदा टोचावे लागले, आणि त्या कळवळून म्हणाल्या, “चांगली चालतीय तर काढता कशाला, बाई?”

आजींनी संशोधनाचा प्रश्नच विचारला होता. रुग्ण कोण, आपण काय करणार, त्याची तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजणार, हे चार भाग, ज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांना विद्यार्थिनी ‘पिको’ म्हणून घोकतात, त्यात जसेच्या तसे होते: दाखल प्रौढ रुग्ण, गरज पडेल तेव्हाच सुई बदलणे, ठरलेल्या दिवशी बदलणे, आणि शिरेचा दाह.

यानंतर आम्ही पबमेड उघडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची वैद्यकीय लेखांची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. तिची खरी अडचण येथे उघड झाली: वॉर्डात जिला सगळे ‘इंट्राकॅथ’ म्हणतात, ती संशोधनात ‘पेरिफेरल व्हीनस कॅथेटर’ असते, आणि सूचीत विषयाचे शीर्षक ‘कॅथेटरायझेशन, पेरिफेरल’ असे आहे. अडचण भाषेची होतीच, पण माध्यमाची नव्हती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीही येथेच अडतात. समानार्थी शब्द ‘ऑर’ने आणि वेगळ्या कल्पना ‘अँड’ने जोडल्या, ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ची, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर तपासणाऱ्या आढाव्यांची, चाळणी लावली, आणि यादी एका पडद्यावर मावली. त्यात असे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१९ चा आढावा होता: ९ चाचण्या, ७४१२ रुग्ण, आणि रक्तातील जंतुसंसर्ग किंवा शिरेचा दाह यांबाबत दोन्ही पद्धतींत स्पष्ट फरक नाही. त्याआधीची, २०१२ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातली ऑस्ट्रेलियातील ३२८३ रुग्णांची चाचणीही मिळाली, दोन्ही गटांत दाहाचे प्रमाण ७ टक्केच होते. त्या चाचणीच्या मुख्य संशोधक क्लेअर रिकर्ड स्वतः परिचारिका आहेत, हे कळल्यावर ती खुर्चीत जरा सरळ बसली.

पूर्ण लेख पैसे मागतो तेव्हा काय करायचे, हा पुढचा प्रश्न आलाच. संशोधन नियतकालिके वाचायला उपलब्ध करून देणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी, आणि हिचे महाविद्यालय खासगी. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहातली मोफत प्रत, कॉक्रेनचा सोप्या भाषेतला सारांश आणि लेखकाला पाठवलेले चार ओळींचे नम्र ईमेल हे मार्ग मात्र सर्वांना खुले आहेत. पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले सात-आठ लेख आम्ही त्याच बैठकीत पुसून टाकले. ते पुसताना तिला झालेला आनंद मी क्वचितच कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

तीन आठवड्यांनी ती आली ती अकरा लेखांचा हाताने आखलेला तक्ता घेऊन. झोप येऊ लागली होती, तरी मार्गदर्शकांची भीती पूर्ण गेली नव्हती. कॉक्रेनच्या आढाव्यातल्या एका ओळीखाली तिने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या: ठरलेल्या दिवशी बदलल्यास औषध शिरेबाहेर झिरपण्याचे प्रमाण बहुधा कमी राहते. “गरजेनुसार बदलायची, तर गरज कोणीतरी पाहायला हवी ना, मॅडम? आमच्याकडे रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे दोन सिस्टर. सलाईन आउट झाली, हे सकाळी हात सुजल्यावर कळतं. मग तिकडचा निष्कर्ष आमच्या वॉर्डाला जसाच्या तसा कसा लावायचा?”

हे मार्गदर्शकांना याच शब्दांत विचारा, असे मी सांगितले. तिने तक्त्याच्या मागे तारीख घातली आणि वाक्य लिहून घेतले, मराठीतच.