धंद्यातल्या लोकांना काय विचारावं, काय विचारू नये

प्रश्न : सासरे गेल्यापासून रामबागेतला आमचा छोटा ऑफसेट प्रेस मी सांभाळते. मशीन एकरंगी आहे. शहरातल्या प्रेसवाल्यांच्या मंडळाची मी यंदा सभासद झाले. पावसाळा लागला की दोन रंगांच्या कामात आमचा दुसरा रंग जागेवर बसत नाही. मंडळात विचारावंसं वाटतं, पण तिथले सगळे आपले स्पर्धक, आणि ‘बाईंना धंद्यातलं कळत नाही’ असं व्हायला नको. गेल्या बैठकीत सगळ्यांनी एकच दर लावावा आणि पैसे बुडवणाऱ्यांची यादी काढून फिरवावी, असंही बोलणं झालं. मी यात कितपत पडावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, जरूर विचारा. मीही इंदुरातच प्रेस चालवला. मशीनवरचं मला जे काही येतं, त्यातलं बरंचसं मला अशाच लोकांनी शिकवलं ज्यांच्याशी कोटेशनवरून माझी चढाओढ असे. गिऱ्हाईक ज्याचं त्याचं असलं तरी दमट हवेचा त्रास सगळ्यांना सारखाच होतो.

मात्र विचारताना नीट विचारा. ‘आमचं रजिस्टर हलतंय’ (म्हणजे रंगावर रंग नेमका बसत नाही) एवढंच म्हणालात तर एक जण ग्रिपर (ताव पुढच्या कडेला पकडून ओढणारे चिमटे) बदला म्हणेल, दुसरा मशीनमन बदला म्हणेल. त्याऐवजी असं सांगा : गणपतीची कार्यक्रमपत्रिका, १३० जीएसएम आर्ट पेपर, पहिला रंग संध्याकाळी छापला, दुसरा दुसऱ्या दिवशी दुपारी. ग्रिपरच्या बाजूला रंग बरोबर बसतो, शेपटाकडे, म्हणजे तावाच्या मागच्या कडेकडे, जाताना बाहेर पडतो, कोपऱ्यांत जास्त. साइड-ले (ताव बाजूनं जागेवर बसवणारा भाग) तपासला, ठीक आहे. आणि बिघडलेला एक ताव सोबत न्या, त्यावर ग्रिपरची बाजू पेन्सिलीनं खूण करून. जाणता माणूस आधी तो ताव डोळ्यांसमोर आडवा धरून कडा बघेल. एवढ्या तयारीनं विचारणाऱ्या बाईला धंद्यातलं कळत नाही, असं कोणी म्हणणार नाही.

तुमच्या पत्रावरून मला कागदाचा संशय येतो. रंग सगळीकडे सारखाच सरकला असेल तर ले किंवा ग्रिपर बघा. पुढे बरोबर आणि मागे फाकलेला असेल तर दोन छपायांच्या मध्ये कागद वाढला आहे. दमट हवेत गठ्ठ्याच्या कडा पाणी ओढतात, मधला भाग तसाच राहतो आणि कडांना लाटा येतात. कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेला जास्त वाढतो. म्हणून ताव कापून घेतानाच ग्रेन सिलिंडरच्या लांबीला समांतर राहील असं सांगा. मग झालेली वाढ पॅकिंग (सिलिंडरवर प्लेट-ब्लँकेटखाली घालायचे कागद) कमीजास्त करून थोडीफार सांभाळता येते. रीमचं वेष्टण छपाईच्या वेळेपर्यंत फोडू नका. पहिला रंग झाला की गठ्ठा प्लास्टिकनं चारी बाजूंनी झाका आणि दुसरा रंग शक्य तितक्या लवकर घ्या. मशीनवर प्लेट ओली ठेवणारं पाणीही जेवढ्यास तेवढंच चालवा.

ज्यांनी उपाय सांगितला त्यांना पुढच्या बैठकीत काय लागू पडलं, काय नाही, हे आवर्जून सांगा. बहुतेक जण इथेच कमी पडतात, आणि मग जुनी माणसं सांगायचं सोडून देतात.

नव्या सभासदाला न विचारताही सांगावं असं बरंच असतं. उदाहरणार्थ, लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीचं पत्रक छापताना त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत, आणि प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत आधी घ्यावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क हेच सांगतं, आणि चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळात हे विचारून घ्या. पण कोणाचं पत्रक तुमच्याकडे छापायला आलंय, हे मात्र तिथे बोलायचं नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर आपल्या दाराबाहेर जाता कामा नये.

आता दराचं. इथे मी अगदी स्पष्ट सांगतो, यात पडू नका. एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी मिळून दर ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये बसतं, आणि ते मंडळाच्या बैठकीत ठरलं म्हणून सुटका होत नाही. २०१२ साली भारतीय स्पर्धा आयोगानं अकरा सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून अधिक दंड लावला, तेव्हा त्यांच्या संघटनेलाही दंड झाला होता. आपण लहान आहोत म्हणून कायदा वेगळा होत नाही. कागदाचे भाव चढले यावर बोला, प्लेट, शाई, वेस्टेज आणि मशीनचे तास धरून खर्च कसा काढायचा हे नव्यांना शिकवा. ‘सगळ्यांनी हजारी इतकेच घ्यायचे’ असा विषय निघाला की उठून सांगा की मला हे मान्य नाही, इतिवृत्तात तशी नोंद करायला लावा आणि बाहेर पडा.

बुडव्यांच्या यादीचा राग मी समजू शकतो. छापून दिलेल्या कामाचे पैसे अडले की पगाराच्या दिवशी जीव कसा होतो ते मला ठाऊक आहे. तरीही यादीत नाव घालू नका. ज्याचा हिशेबाचा वाद खरा असेल तो अब्रुनुकसानीचा दावा लावू शकतो, आणि सगळ्यांनी मिळून एकाला काम नाकारलं तर प्रकरण पुन्हा स्पर्धा कायद्यापाशी जातं. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत नाही, करार नसेल तर पंधराच दिवस. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं, आणि दाद अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा, माल दिल्याच्या चलनावर तारखेसह सही घ्या. ही परिषदेची वाट अनेक सभासदांना माहीत नसते. पुढच्या बैठकीत यादीचा विषय निघाला तर तुम्हीच ती मांडा.