पुस्तिका नको, तास दे

प्रिय मित्रा,

चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, तिच्या प्रदर्शनासाठी तू केलेली शिक्षक-पुस्तिका वाचली. मेहनत दिसते, पण इतकी पानं कोणी वाचणार नाही. सातवीच्या बाईंच्या हाती जेमतेम ३५ मिनिटं असतात, त्यातली काही हजेरीत जातात आणि डोक्यावर घटक चाचणी असते. त्यांना आयता घेता येईल असा एक तास दे.

तो कसा बेतायचा हे चित्रांनाच विचार. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं जपलेली ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलेलीच नव्हती. सुटे कागद, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि अशा पानांची पोथी. वीणा, हुडूक, टाळांच्या साथीनं कथेकरी रामायण-महाभारतातलं आख्यान गाणार, एकेक पान पुढे धरणार, उलटणार. गोष्ट कागदावर लिहिलेली नसते, ती त्याच्या तोंडी असते. आपण पानं काचेमागे लावली (कागद जुना, इलाज नाही) आणि उलटणंच संपलं. वर्गात मात्र ते करता येतं.

म्हणून एकाच आख्यानातली आठ चित्रं निवड. ए-थ्री रंगीत प्रती काढ, दोन-दोन चिकटवून चार पानं कर. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नकोस.

प्रसंगाचं नाव आधी सांगायचं नाही, ही सूचना ठळक छाप. ‘हा अमुक’ म्हटलं की मुलं बघायची थांबतात. विचारायचं एवढंच: कोण कुणाकडे बघतंय? चेहरे बाजूनं काढलेले, डोळे टपोरे. शेवटच्या बाकावरूनही कळतं. पान उलटण्याआधी थांबायचं आणि पुढे काय होणार ते मुलांकडून काढून घ्यायचं. बाईंना गाता येत नसेल तर नुसतं सांगू देत. बऱ्याच शाळांत चित्रकलेचे सर नसतात, तेव्हा हे मराठीच्या तासालाही चालेल असं लिही.

इतिहासाला एक पान पुरे. सावंतवाडी संस्थानचा आश्रय त्यात येऊ दे, आणि पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली मिळालेली पद्मश्रीसुद्धा. नाहीतर मुलांना वाटेल, हे सगळं कधीच संपलं.

छपाईआधी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ही पानं घेऊन जा. स्वतः करून दाखवू नकोस. एखाद्या बाईंच्या हाती दे आणि मागच्या बाकावर बस. त्या अडतील तिथली सूचना पुन्हा लिही.

तुझा,
दादा