रोहिणीला कापड चढवण्याआधी

प्रश्न : आमच्या शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एनसीसीच्या काळातलं रोहिणी ग्लायडर बरीच वर्षं पडून आहे. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ते उभं करायचं ठरवलंय. कापड फाटलंय, पण सांगाडा भक्कम दिसतो. गणपतीच्या आधी नवं कापड चढवून रंग द्यायचा विचार आहे. सुतार घरचाच आहे. काय काळजी घ्यावी?
— एक माजी कॅडेट, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं हे ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. शिक्षक आणि शिकाऊ त्यात शेजारी शेजारी बसतात. ग्लायडरला वर ओढणाऱ्या विंचचा दोर सुटला की कानात फक्त वारा उरतो. माझी उमेदीची वर्षं असल्याच लाकडी पंखांच्या दुरुस्तीत गेली.

पण ‘सांगाडा भक्कम दिसतो’ या तुमच्या वाक्यापाशी मी अडलो. असल्या पंखात लाकडाच्या आधी सांधे जातात. जुन्या लाकडी विमानांत दुधातल्या केसीनचा सरस वापरत, पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा आला. केसीनला ओल लागली की बुरशी धरते. दुसऱ्याला ओल आणि उष्णता दोन्ही मिळून खातात. कोल्हापूरचा पावसाळा आणि वर एप्रिलचा तापलेला पत्रा, म्हणजे दोन्ही शत्रू घरातच.

तेव्हा आधी जुनं कापड पूर्ण काढा. बाजारात मडकं वाजवून घेतो, तसं नाण्यानं प्लायवूड इंचाइंचावर वाजवा. टणत्कार आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथं आत सुटलंय. पंखाची मागची कड, खालची बाजू आणि पाणी निचरायची बारीक भोकं नीट बघा, ती भोकं बुजलेली असतात. बोल्टाभोवती काळा डाग दिसला तर बोल्ट काढून भोक तपासा. नव्यासारख्या दिसणाऱ्या एका पंखाचं प्लायवूड माझ्या अंगठ्याखाली पापडासारखं सुटलं होतं. कापड काढलं नसतं तर ते कुणालाच कळलं नसतं.

आता तुमच्या सुताराविषयी. हात चांगला असेल, पण सवयीनं तो सागवान आणेल आणि फर्निचरचा पांढरा गोंद लावेल. दोन्ही नको. स्प्रूस या विमानाच्या हलक्या लाकडापेक्षा सागवान जवळजवळ दीडपट जड. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. रिसॉर्सिनॉलचा सरस किंवा विमानाच्या लाकडासाठीचं इपॉक्सीच आणा. स्पार, म्हणजे पंखाचा कणा, जोडायचा झाला तर तिरका सांधा एकास बारा ठेवा : फळी एक इंच जाड तर उतार बारा इंच लांब. रंधा मारून दोन्ही उतार असे बसले पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये. हे काम घाईचं नाहीच.

गणपतीची मुदत सोडा. कापड ताणून बसवणारा लेप, म्हणजे डोप, दमट हवेत पांढरट पडतो आणि त्याची ताकद जाते. तरुणपणी ऐन श्रावणात मी एक पंख असाच घालवला, सगळं कापड पुन्हा काढावं लागलं. लाकूडकाम आता करा, डोपला दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हात घाला. नायट्रेट डोप भडका घेतो, म्हणून त्या दिवसांत शेडमध्ये वेल्डिंग नको, ग्राइंडर नको, उदबत्तीसुद्धा नको.

ते फक्त टांगून ठेवायचं की उडवायचं, हे आजच ठरवा. उडवायचं असेल तर पहिला सांधा उघडण्याआधी परवानाधारक विमान अभियंता सोबत घ्या आणि डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, विचारणा करा. टांगायचं असलं तरी वरचं सगळं करा, त्याच्याखाली पोरं उभी राहणार आहेत.

आणि जुनं कापड टाकू नका. ज्या तुकड्यांवर नंबर आणि खुणा आहेत ते कापून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. नव्या कापडावर नंबर कुठं आणि केवढा काढायचा, ते त्यांच्यावरूनच कळेल.