रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ घर बघताय, तर आधी एवढं करा

दादा, मारुती मंदिर-नाचणे रोडची बाजू निवडलीत ते बेस्ट केलंत, मी पंधरा वर्षं इथेच राहतोय. दूध, भाजी, मेडिकल सगळं पायी होतं आणि संध्याकाळी थिबा पॉइंटपर्यंत चालत गेलं की खाली भाट्याची खाडी आणि समोर सूर्य बुडताना दिसतो, गाडी काढायचीसुद्धा गरज नाही.

नवीन माणसांची मोठी चूक म्हणजे डिसेंबरात फ्लॅट बघतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. इथे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो हो, आणि तो भिंतीवर आडवा येतो. जुलैत एकदा याच, पश्चिमेच्या खोलीतलं कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीला हात लावून बघा. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात असा हात लावला तर तळवा काळा झाला बुरशीने, आणि बायकोचा लग्नातला शालू त्याच कपाटात होता, त्याचे डाग अजून गेले नाहीत.

बाकी सुरुवातीला एवढंच:
- पाणी किती वेळ येतं ते मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा, आणि मे महिन्याचं विचारा.
- दुपारी बरीच दुकानं बंद असतात, सामान सकाळीच आणा.
- 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, सुकट-सोडे मेमध्येच भरा.
- सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, फिरायला जाताना बूट आणि बॅटरी हवीच. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि अंधारात फुरसं (छोटा विषारी साप) पायवाटेवरच बसलेलं असतं.

इन्व्हर्टर वगैरे नंतर बघू. जुलैत येताना कळवा, मी येतो सोबत.