आजेसासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण पणतीला मागतात

पत्र असं आहे:

"ताई, मी मूळची सांगलीची. नऊ वर्षं झाली, कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिजला नर्स आहे. माझा नवरा काइनाई, म्हणजे इथल्या ब्लॅकफूट या आदिवासी लोकांपैकी. त्याला त्याच्या आजीनं वाढवलं. त्या आता ८१ वर्षांच्या आहेत आणि स्टँडऑफजवळ रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर राहतात. स्वतःची सहा मुलं वाढवली, वर पाच नातवंडं. घरात कधीही जा, कुणी ना कुणी जेवायला बसलेलं असतं. या बाईनं स्वतःसाठी आयुष्यात काहीच केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या ३० सप्टेंबरला आदिवासी मुलांना सक्तीनं पाठवायचे त्या निवासी शाळांच्या मुलांची आठवण म्हणून आम्ही कामावर नारिंगी शर्ट घातले होते. कार्यक्रम झाल्यावर मी तशीच आजींकडे गेले, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, 'आजी, शाळेत तुमच्यावर काय काय झालं ते सांगा ना.' त्या उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. तेव्हापासून 'जेवलीस का' याच्यापलीकडे माझ्याशी एक शब्द नाही. आणि आता नवऱ्याकडून निरोप आलाय, माझ्या चार वर्षांच्या लेकीला आठवड्यातून दोन दिवस आणि जुलैत तंबूंच्या कॅम्पला त्यांच्याकडे ठेवायचं. माझी आई फोनवर रडते. पोरगी आपली राहणार नाही, मराठी विसरेल, म्हणते. नवरा म्हणतो, तू ठरव. मी काय करू?"

प्रिय लेथब्रिजची सून,

पत्र वाचता वाचता "जेवलीस का" या दोन शब्दांवर मी थांबले. रागावलेली आजेसासू नातसुनेला जेवणाचं विचारत नाही गं. तुझी सांगलीची आजी आठव. तिचं कुणाशी बिनसलं की ती ताट वाढून निघून जायची की नाही? या तुला विचारतायत. दार उघडं आहे, फक्त तू ज्या दारातून आत शिरायला गेलीस ते दार ते नव्हे.

मी सात वर्षं कॅलगरीत काढली. लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि राहूनच गेले. तिथल्या एका सामुदायिक स्वयंपाकघरात मी भाज्या चिरायला जायचे, तिथे सिक्सिकाच्या, म्हणजे ब्लॅकफूटांच्याच दुसऱ्या एका शाखेच्या, दोन-तीन वयस्क बायका यायच्या. एका उन्हाळ्यात बाहेर हिरवळीवर पंगत होती. बेरी सूप होतं, सॅस्कटून बेरीचं, जांभळं, दाटसर. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी वाडग्यातली एक बेरी बोटांत धरली, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं, बोटानं गवतात भोक पाडलं, बेरी आत ठेवली आणि माती थापटली. मग जेवायला लागल्या. माझी आई पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवायची, ते मला तिथे आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या हातात एक बेरी दिली, बस.

हे सांगतेय कारण तुझी चूक मनातल्या भावनेची नव्हती, रीतीची होती. त्या लोकांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून काही जाणून घ्यायचं तर आधी तंबाखू द्यायची असते. त्या वडीलधाऱ्यानं ती हातात घेतली, तर ऐकायला बसायचं. गोष्ट, गाणं, तंबूवर रंगवायची नक्षी, पवित्र गाठोडं, सगळं असंच विधिपूर्वक एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. ज्याच्याकडे सोपवलं गेलं, त्यालाच ते सांगायचा अधिकार. आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण अक्षतांशिवाय दिलं तर घरातली म्हातारी म्हणते ना, असं उभ्या उभ्या बोलावतात का? तू उभ्या उभ्या विचारलंस. आणि तेही काय, तर आयुष्यातली सर्वांत दुखरी जागा, चालू मोबाइलसमोर.

आता तुझं ते वाक्य. "स्वतःसाठी काहीच केलं नाही." पोरी, माझा सगळा जीव या एका वाक्यात अडकलाय, कारण आपण आपल्या आज्यांबद्दलही हेच म्हणतो आणि त्यात त्यांचा मोठा अपमान होतो. त्यांचं वय ८१, म्हणजे जन्म १९४४ च्या आसपासचा. त्या काळी कॅनडात सातव्या वर्षापासून आदिवासी मुलांना शाळेत धाडणं कायद्यानं सक्तीचं होतं, ते १९२० पासून. शाळा म्हणजे बहुतेकदा चर्चनं चालवलेलं वसतिगृह. लांब केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, आपली भाषा बोललं की शिक्षा. दीड लाखाच्या आसपास मुलं या शाळांतून गेली, आणि कित्येक घरी परतलीच नाहीत. सरकारनं संसदेत माफी मागितली ती २००८ साली, तेव्हा आजी चौसष्ट वर्षांच्या असतील. त्यांच्या समारंभांवरही १८९५ पासून कायद्याचा बडगा होता. रिझर्व्हवरचा सरकारी एजंट रेशन अडवून बसायचा. ही बंदी कायद्यातून गेली १९५१ साली, म्हणजे तुझ्या आजेसासूबाई सात वर्षांच्या असताना. आदिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न गमावता देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क आला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या.

हे मनात धर आणि मग ते घर पुन्हा बघ. ज्या सरकारनं घराघरांतून पोरं उचलून नेली, त्याच सरकारच्या डोळ्यांसमोर या बाईनं अकरा पोरं आपल्या छताखाली ठेवली. जी भाषा तोंडातून काढली की मार बसायचा, त्या भाषेत त्या पणतीला हाक मारतात. ज्या विधींसाठी पूर्वी लोक लपूनछपून जमायचे, तिथे त्या जुलैत उघड तंबू ठोकणार आहेत. यालाच तू "स्वतःसाठी काही केलं नाही" म्हणतेस? मला तर वाटतं, जे करायचं त्यांनी ठरवलं होतं तेच त्या साठ वर्षं करत आल्यात.

त्या कॅम्पबद्दलही तुला दोन गोष्टी माहीत असाव्यात. काइनाईंचं रिझर्व्ह हे क्षेत्रफळानं कॅनडातलं सर्वांत मोठं, आणि उन्हाळ्यात तिथे वर्तुळात तंबू लागतात. ओकान, म्हणजे सूर्यनृत्याचा सोहळा, त्याच दिवसांत होतो. ब्लॅकफूट लोकांत हा सोहळा एका स्त्रीच्या नवसानं उभा राहतो. घरातल्या कुणाचा जीव वाचावा म्हणून ती बोलते, उपास करते, आणि तिच्या पावित्र्यावर सगळा सोहळा तोललेला असतो. शिवाय मोटोकिक्स नावाचं बायकांचं एक जुनं मंडळ आहे, त्याचा मान मोठा. थोडक्यात, तुझी लेक जिथे जाणार आहे तिथे ती बायकांचा शब्द चालताना बघेल. हे काही थोडं नाही.

मिनिपोका हा शब्द कानावर आलाय का? लाडकं, विशेष माया केलेलं मूल. आजी-आजोबा एखाद्या नातवंडाला असं जवळ घेतात, आणि आपल्याला येतं ते सगळं त्याच्या ओंजळीत घालतात. तुझ्या नवऱ्याला आजीनं वाढवलं ते केवळ अडचण म्हणून असेलच असं नाही. आणि आता त्या तुझ्या लेकीला मागतायत. विचार कर, शाळेचं तुला एक अक्षर न सांगणारी बाई तुझं मूल मागते, म्हणजे तिच्याकडचं सर्वांत मोलाचं ती तुझ्याच घरात ठेवायला निघालीय. ब्लॅकफूटमध्ये आजीसाठी जो शब्द आहे तोच सासूसाठीही वापरतात, असं मला तिथल्या बायकांनी सांगितलं होतं. म्हणजे लेक जी हाक मारेल, तीच तुलाही मारता येईल. नवऱ्याकडून उच्चार नीट शिकून घे, इंग्रजीत "ग्रँडमा" म्हणण्यापेक्षा तो शब्द त्यांच्या कानाला गोड लागेल.

तर लेकीला पाठव. मन घट्ट करून नव्हे, आनंदानं पाठव. पण सुरुवातीचे काही दिवस तूही जा. चार वर्षांचं मूल नव्या घरी एकदम दोन रात्री ठेवायचं नसतं, हे तू नर्स असताना मी काय सांगायचं. तिकडे गेलीस की हात रिकामे ठेवू नकोस. भांडी घास, पीठ मळ, बटाटे सोल. बाई ओट्याशी जे बोलते ते टेबलाशी बोलत नाही. आपल्या बायकांनीही सासुरवासाच्या कहाण्या कुणी मुलाखत घेतली म्हणून सांगितल्या नाहीत, जात्यावर पहाटे ओव्या म्हणत सांगितल्या, हात फिरत होता म्हणून. शाळेचा विषय मात्र तू पुन्हा काढू नकोस. कधीच. त्यांना सांगायचं असेल तर त्या सांगतील, कदाचित तुला, कदाचित तुझ्या लेकीला ती वीस वर्षांची झाल्यावर, कदाचित कुणालाच नाही. न सांगण्याचा हक्क त्यांचाच आहे. ते सगळं त्यांनी एकदा सोसलंय, आपल्या समाधानासाठी त्यांनी ते पुन्हा का सोसावं?

माफी माग. नवऱ्याला किंवा त्याच्या मावशी-आत्यांना विचार, तंबाखू कशी द्यायची, कोणत्या हातानं, काय म्हणायचं. मग जा, दे आणि एवढंच म्हण, "मी चुकीच्या रीतीनं विचारलं." कारणं देऊ नकोस, रडू नकोस, रडलीस तर त्यांना तुझं सांत्वन करावं लागेल. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसून टाक. कॅम्पला जाशील तेव्हा मोबाइल गाडीतच राहू दे, सोहळ्याचे फोटो काढायचे नसतात. काय नेसायचं, कुठे बसायचं, बायकांनी कोणत्या दिवसांत कुठे जायचं नाही, याचेही नियम असतील. आपल्याला ते नवीन नाहीत. पटो न पटो, त्यांच्या मांडवात त्यांचे पाळ.

नवऱ्यालाही एक निरोप दे माझा. "तू ठरव" म्हणून सगळं तुझ्या पदरात टाकणं बरं नव्हे. आजी त्याची, रीत त्याची. पहिल्या दिवशी लेकीला हात धरून त्यानं न्यायचं.

आणि तुझ्या आईचं काय? तिचं दुःख खरं आहे, ते हसण्यावारी नेऊ नकोस. लेक साता समुद्रापार, नात स्क्रीनवर, आणि आता तिच्या वाटणीत आणखी एक आजी. पण तुझ्या लेकीची मराठी काइनाई आजी पळवणार नाही. ती पळवेल इंग्रजी, जी त्या आजीच्या घरातूनही भाषा घेऊन गेली. या दोघी म्हाताऱ्या एकाच बाजूच्या आहेत, हे आईला समजावून सांग. तिला म्हणावं, तूही दोन दिवस माग. रोज झोपताना अर्धा तास, व्हिडिओ कॉलवर, फक्त मराठीत, चिऊकाऊपासून. तिकडे हिवाळ्यात नापीच्या गोष्टी सांगतात, त्या खोडकर म्हाताऱ्याच्या. बर्फ पडेपर्यंत त्या सांगायच्या नसतात. तोवर सांगलीच्या आजीनं चिमणीचं मेणाचं घर बांधून मोकळं व्हावं. जमलं तर कधी दोघींना एकमेकींसमोर बसव. भाषा नसली तरी चालेल, लेक मधे असेलच.

जुलैत नदीकाठी सॅस्कटून बेरी पिकते. आजींना सकाळी विचार, बेऱ्या वेचायला येऊ का. बादल्या दोन ने. एक तुझ्यासाठी, आणि एक छोटी, लेकीच्या हाताला पेलेल अशी.

तुझी,
ताई