काटा असूनही छोट्या विमानाचं पेट्रोल हवेतच कसं संपतं?

तुम्ही विचारलंय की भाचा वैमानिकाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत निघालाय, आणि इंधन संपून छोटी विमानं शेतात उतरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्यात. टाकीला काटा असताना असं होतंच कसं?

काटा असतो, पण त्याच्या भरवशावर जाणता वैमानिक उडत नाही. सेस्ना १७२ हे शिकायला वापरतात ते छोटं विमान. जुन्या १७२ मध्ये टाकीत साधा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो आणि काटा त्याच्यावर चालतो. टाकी पसरट आणि उथळ. विमान जरा कललं की पेट्रोल एका कडेला जमतं आणि काटा डुलायला लागतो. म्हणून उडण्याआधी पंखावरचं झाकण उघडून डिपस्टिक, म्हणजे खुणा केलेली मापाची पट्टी, बुडवायची. डिपस्टिक त्याच मॉडेलची हवी आणि विमान सपाट जागी उभं हवं, नाहीतर आकडा चुकतो. एकदा वर गेलं की हिशेब घड्याळावर.

हिशेब कुठे फसतो ते बघा. १७२ एन मॉडेलच्या नेहमीच्या टाक्यांत ४३ गॅलन मावतं, पण वापरता येतं ४०. उरलेलं ३ तळाशी असतं आणि ते इंजिनापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. समजा ३५० नॉटिकल मैल जायचंय आणि वेग ११० नॉट, म्हणजे तासाला ११० नॉटिकल मैल, आहे. वारा नसेल तर ३ तास ११ मिनिटं. तासाला साधारण ८.५ गॅलन धरलं तर २७ गॅलन, म्हणजे आरामात. आता समोरून २० नॉटचा वारा लागला. जमिनीवरचा वेग ९० झाला, वेळ ३ तास ५३ मिनिटं, पेट्रोल ३३ गॅलन. सुरू करणं, टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं) आणि टेकऑफचं १.१, शिवाय चढाईचं थोडं जास्तीचं. तरी बसतंय.

पण ते ८.५ मिक्श्चर लीन केल्यावरचे, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल कमी केल्यावरचे, आहेत. मॅन्युअलमधले सरळ उड्डाणाचे आकडे तसेच असतात. नवशिका मिक्श्चरचा लाल नॉब पूर्ण आत ढकलून तसाच ठेवतो, आणि मग तेच इंजिन तासाला १०.५ गॅलन पिऊ शकतं. ४० मधून सुरुवातीचे १.१ गेले, उरले ३८.९. ३८.९ भागिले १०.५ म्हणजे ३ तास ४२ मिनिटं. विमानतळ अजून ११ मिनिटं लांब, म्हणजे सोळा-सतरा मैल. वारा आणि मिक्श्चर, दोन्ही चुका किरकोळ. एकत्र आल्या की विमान शेतात.

आपल्याकडच्या लोकांना जुन्या बाइकच्या रिझर्व्हच्या कॉकची सवय. विमानात तसा कॉक नसतो. अमेरिकेत नियमाप्रमाणे दिवसा ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं जादा इंधन धरावं लागतं, पण ते त्याच टाकीत, फक्त कागदावर वेगळं. माझ्या मते अर्धा तास फारच कमी. एक तास ठेवावा, आणि तो खायची वेळ आली की वाटेतल्या विमानतळावर उतरून भरावं.

दुसरा प्रकार मला जास्त चीड आणतो: पेट्रोल विमानात आहे, पण इंजिनाला मिळत नाही. पायपर चेरोकी या दुसऱ्या छोट्या विमानात, कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या सिलेक्टरला डावी आणि उजवी अशाच टाक्यांच्या जागा असतात, सेस्नासारखी 'दोन्ही' नसते. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची. विसरलात तर एक टाकी भरलेली असूनही इंजिन खोकायला लागतं. बदलताना इलेक्ट्रिक पंप चालू ठेवायचा. टेकऑफच्या तोंडावर मात्र टाकी बदलू नये. ज्या टाकीवर इंजिन तपासलं, तीवरच उडावं.

झाकणाचं रबर झिजलं असेल तर पंखावरून वाहणारी हवा पेट्रोल बाहेर ओढते. तिथे निळसर डाग दिसला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय निघू नये. सेस्नाच्या डाव्या पंखाखाली, तिरक्या दांडीपाशी, हवेची नळी असते. तिच्यात किड्याने घर केलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

इंजिन बसलंच तर आधी वेग: १७२ एनसाठी ६५ नॉट. मग कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) चालू, सिलेक्टर 'दोन्ही'वर, मिक्श्चर रिच (नॉब पूर्ण आत), मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) 'दोन्ही'वर, प्रायमर (सुरू करताना पेट्रोल सोडणारा हातपंप) आत आणि लॉक. टाकी खरंच कोरडी असेल तर यातलं काहीच चालणार नाही. दर हजार फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल मिळतात, तेवढ्यातलं शेत निवडायचं. नाक वर ओढून विमान लांब जात नाही.

भाच्याला एकक सांगून ठेवा. तिथला गॅलन ३.७८५ लिटरचा, इंग्लंडचा जुना गॅलन ४.५४६ चा. पुढे भारतात आला की पेट्रोल लिटरमध्ये. आणि एक सवय लावा: दर वेळी काठोकाठ भरून निघायचं, उतरल्यावर पुन्हा काठोकाठ भरायचं, आणि पावतीवरच्या गॅलनना उड्डाणाच्या तासांनी भागून वहीत लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की ते विशिष्ट विमान, त्याच्या हातात, तासाला किती पितं ते कळतं. तो आकडा मॅन्युअलपेक्षा जास्त निघाला तर बेत त्याच आकड्यावर आखायचा.